व्हर्जन २०३४

मुंबईच्या बांधकाम नियमावलीचं नाव आहे डीसीपीआर २०३४. ऐकायला एखाद्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीसारखं वाटतं, आणि आहेही तसंच. याआधीची आवृत्ती १९९१ ची, तिच्याआधीची १९६७ ची. सध्याच्या आवृत्तीला राज्य सरकारने मे २०१८ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून ती लागू झाली. म्हणजे दोन रिलीजच्या मध्ये एक अख्खी पिढी. आमच्याकडे रिलीज दोन आठवडे पुढे गेलं तर क्लायंट डोकं खातो :)

पुणे-ठाणेकरांनी लगेच हसू नये. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी डिसेंबर २०२० मध्ये युनिफाइड डीसीपीआर आली. तिच्याबद्दलही पुढचं बरंचसं लागू पडतं.

नियमावली बदलली जात होती तेव्हा चर्चा कशाची झाली ते आठवून बघा. एफएसआय किती वाढला, टीडीआर कुठे वापरता येईल, मोकळ्या जागा किती उरतील. यातलं काही बिनमहत्त्वाचं नाही. पण आग लागली तर माणसं बाहेर कशी येणार, या प्रकरणावर मी तरी चहाच्या टपरीवर कोणाला भांडताना ऐकलं नाही. रेफ्यूज एरियाचा विषय निघतो तोसुद्धा बहुधा 'ती जागा ठराविक मर्यादेपर्यंत एफएसआयमध्ये धरत नाहीत' एवढ्यापुरता.

आता थोडं मूळ प्रकरण. आपल्याकडे इमारतींच्या सुरक्षिततेचं मुख्य पुस्तक म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता. पहिली १९७० ची, मग १९८३, २००५ आणि २०१६. तिचा चौथा भाग अग्निसुरक्षेवर आहे आणि तो खरंच चांगला लिहिलाय. १५ मीटर किंवा त्याहून उंच ती उंच इमारत. जिना किती रुंद हवा, दार कुठल्या बाजूला उघडावं, विजेच्या आणि पाण्याच्या डक्ट प्रत्येक मजल्यावर कशा बंद कराव्यात, उंच इमारतीत लोकांनी थांबायची जागा कुठे आणि किती हवी, सगळं आहे. थांबायच्या जागेचा हिशोब माणशी ०.३ चौरस मीटर. म्हणजे पूर्ण उघडलेल्या वर्तमानपत्राएवढीही नाही. तेवढ्यात उभं राहून अग्निशमन दलाची वाट बघायची.

पण ही संहिता सल्ला आहे, कायदा नाही. अग्निशमन हे काम राज्यांचं आणि त्यांच्यामार्फत महापालिकांचं. संहितेतलं काय आणि किती घ्यायचं ते स्थानिक नियमावली ठरवते. म्हणून शहराची नियमावली अपडेट होणं ही कंटाळवाणी सरकारी बातमी असली तरी आपल्या जीवाशी थेट संबंध असलेली बातमी आहे.

बरं, नियमावली नवी झाली. पुढे काय?

पुढे गंमत अशी की ती मुख्यतः नव्या नकाशांना लागते. जुन्या इमारतीने तिच्या मंजुरीच्या वेळच्या अटी पाळाव्यात आणि जी यंत्रणा बसवली आहे ती चालू ठेवावी, अशी साधारण पद्धत. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन इन्स्टॉलला नवीन व्हर्जन, जुन्या सर्व्हरना हात लावायचा नाही. याला कारणंही आहेत. उभ्या इमारतीत दुसरा जिना कुठून घुसवणार? मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेलं घर २० वर्षांनी बेकायदा ठरवणार का? मान्य. पण शहरातली बहुतेक माणसं राहतात ती जुन्याच इमारतींत. नवा नियम कितीही चांगला असला तरी त्यांच्या जिन्यापर्यंत तो पोचतच नाही.

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावमध्ये एका पाच मजली पुनर्वसन इमारतीला आग लागली. आग खाली, पार्किंगच्या पातळीवर सुरू झाली आणि धूर वर चढला. किमान ७ माणसं गेली. कुठलाही गगनचुंबी टॉवर नाही, काचेचं ऑफिस नाही. आपल्या ओळखीतले कितीतरी लोक राहतात तसली साधी इमारत. अशा ठिकाणी ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो, आणि एकुलता एक जिना हेच त्याचं धुराडं बनतं. बातम्या वाचताना आपण 'आगीत होरपळून' असे शब्द वाचतो, पण अशा आगीत बरीचशी माणसं धुराने गुदमरून जातात. एकदा हे डोक्यात बसलं की कुठले नियम खरे महत्त्वाचे ते आपोआप कळतं. आपोआप बंद होणारं दार, मजल्यामजल्यावर बंद केलेली डक्ट, रिकामा जिना. यातलं काहीच भारी नाही, महागही नाही.

दुसरी गोष्ट वापराची. २९ डिसेंबर २०१७ ची कमला मिलची आग आठवते ना? मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबमध्ये आग लागली आणि १४ जण गेले. त्यातले बरेचसे स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. तिथे आधी गिरणी, मग ऑफिसं, मग हॉटेलं. भिंती तिथेच, वापर दोनदा बदललेला. त्या आगीच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, महापालिकेने गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण मंजूर केलं होतं. कागदावर धोरण ताजं होतं. गच्चीवर मात्र चटकन पेट घेणारं तात्पुरतं छत होतं. इमारत मंजूर होते त्या दिवसाचा नकाशा आणि शनिवारी रात्री बारा वाजता तिच्यात प्रत्यक्ष काय चाललंय, यातलं अंतर मोजणारं आपल्याकडे कोणी नाही.

परळच्या क्रिस्टल टॉवरची आग ऑगस्ट २०१८ ची. ४ जण गेले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं आणि आतली अग्निशमन यंत्रणा बंद होती. हे नियम नसल्याने झालं का? अजिबात नाही. नियम होते, पाइप होते, पाणी आलं नाही.

आणि कोणाला वाटत असेल की हे फक्त बिल्डर आणि पबवाल्यांचं प्रकरण आहे, तर २१ जून २०१२ आठवा. त्या दिवशी खुद्द मंत्रालय जळलं. ५ माणसं गेली. ज्या इमारतीतून राज्याच्या नियमावलींवर सह्या होतात तिचीच ही गत.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे आणि डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यात जबाबदारी स्वच्छ लिहिली आहे, मालकाची किंवा भोगवटादाराची. म्हणजे सोसायटीची. म्हणजे तुमची-आमची. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून 'यंत्रणा चालू स्थितीत आहे' असं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. तुमच्या सोसायटीने मागचा फॉर्म बी कधी दिला, माहितीये? मी ऑफिसात जेवताना टेबलावर विचारलं. आठ इंजिनियर होते. सात जणांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आठवा म्हणाला, बाबा सेक्रेटरी आहेत, विचारून सांगतो.

आमची इमारत कांदिवलीत आहे. २००३ सालची, १२ मजली, १९९१ च्या नियमावलीतली. मागच्या वर्षी वार्षिक सभेत दोन विषय समोरासमोर आले, बाहेरून रंग आणि फायर पंपाची दुरुस्ती. पंप सुरू व्हायचा, पण वरच्या मजल्यांवर पुरेसा दाब येत नव्हता. एका एजन्सीचा माणूस आधी येऊन गेला होता. तो पंपाच्या खोलीत गेलाच नाही, खाली ऑफिसात बसून 'सर्टिफिकेटचं बघून घेऊ, टेन्शन नको' म्हणाला. सभेत एक काका उठले. म्हणाले, "बावीस वर्षं झाली, एकदा तरी आग लागली का? उगाच पोरांनी काहीतरी वाचायचं आणि आम्ही पैसे भरायचे."

काका चुकीचं बोलत नव्हते. बावीस वर्षांत खरंच आग लागली नव्हती. पण इमारत बावीस वर्षांपूर्वीची राहिलीय कुठे? तेव्हा घरटी एक फ्रिज, एक गीझर. आज प्रत्येक खोलीत एसी, शिवाय वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, इंडक्शन. वायरिंग बऱ्याच घरांत तेच. मीटर रूममधल्या केबल त्याच. खाली पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होतात, एक्सटेन्शन बोर्ड लावून. २०२२ मध्ये अशा स्कूटरना लागोपाठ आगी लागल्यावर बॅटरीचे केंद्रीय निकष कडक झाले, पण पार्किंगमधला तो एक्सटेन्शन बोर्ड कोणत्या निकषात बसतो? शहरातल्या बहुतांश आगींमागे विजेचं काहीतरी असतं, हे अग्निशमन दल वर्षानुवर्षं सांगतंय. लोड वाढत गेला आणि सर्व्हर तोच. एवढे दिवस पडला नाही म्हणजे पडणार नाही, असं आमच्याकडे कोणी म्हणालं तर त्याला ऑन-कॉलवर बसवतात.

मी हे सगळं काकांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. रंग आधी झाला. पंप पाच महिन्यांनी, दुसऱ्या सभेनंतर. खर्च घरटी किती आला म्हणाल, तर चौघांनी एकदा चांगल्या हॉटेलात जेवण्याएवढा. डक्टचा विषय अजून 'पुढच्या सभेत'. बाराव्या मजल्यावर माझे आई-बाबा असतात, आणि बाबांचे गुडघे जिना उतरायला आता फार साथ देत नाहीत. त्यामुळे या विषयात मी तटस्थ वगैरे नाही, हे आधीच सांगतो.

'अग्निशमन दल येईलच की' असं म्हणणाऱ्यांसाठी एक साधा हिशोब. मुंबईच्या दलाकडची सगळ्यात उंच शिडी साधारण ९० मीटर पोचते. शहरात २०० मीटरच्या वरचे टॉवर उभे आहेत. शिवाय ती शिडी वाहतुकीतून तुमच्या गेटपर्यंत यायला हवी, गेटमधून आत वळायला हवी आणि उभी करायला मोकळी, पक्की जमीन हवी, जिथे आपण गाड्या लावतो. म्हणून उंच इमारतीत खरं अग्निशमन इमारतीच्या आतच व्हावं लागतं. टाकी, पंप, पाइप, स्प्रिंकलर. जवान येतात तेव्हा तेसुद्धा तुमच्याच पाइपला होज जोडतात. त्यात पाणी नसेल तर ते तरी काय करणार?

मग जुन्या इमारतींचं करायचं काय? न्यूयॉर्कचं उदाहरण मला पटतं. तिथे २००४ च्या स्थानिक कायदा क्रमांक २६ ने १०० फुटांपेक्षा उंच अशा जुन्या ऑफिस इमारतींनाही स्प्रिंकलर सक्तीचे केले. मुदत दिली १ जुलै २०१९ पर्यंत. तब्बल १५ वर्षं. म्हणजे 'उद्या लावा नाहीतर सील' असंही नाही आणि 'जुनं आहे, जाऊ दे' असंही नाही. पैसे जमवा, भाडेकरू बदलताना काम काढा, पण तारीख ठरलेली. मोठी सिस्टीम एका रात्रीत कोणी बदलत नाही, टप्प्याटप्प्याने बदलतात, पण जुनी कधी बंद होणार ते पहिल्या दिवशी जाहीर करतात.

आता न्यूयॉर्कचं फार कौतुकही नको. त्याच शहराने घरांची दारं आपोआप बंद होणारी हवीत असा नियम केला, त्यासाठी जुलै २०२१ ची मुदत दिली. आणि जानेवारी २०२२ मध्ये ब्राँक्समधल्या एका १९ मजली इमारतीत हीटरमुळे आग लागली. आग एका घरापुरती राहिली, पण दारं बंद झाली नाहीत, धूर जिन्यातून वर गेला आणि १७ जण गेले. त्यात ८ मुलं. दाराची एक यंत्रणा. नियम होता, मुदत उलटून गेली होती, तरी ती चालली नाही. तेव्हा नियम आणि तारीख दोन्ही हवेत, आणि ती गोष्ट आज चालतेय का हे बघणारं कोणीतरीही हवं.

आपल्याकडे तारखेचं काय होतं बघा. २६/११ नंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये, मानवनिर्मित आपत्तीचा धोका असलेल्या इमारतींसाठी राज्य सरकारने विशेष अग्निसुरक्षा नियमांचा मसुदा काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेवर सुनावणी चालू होती तेव्हाही तो मसुदाच होता. तेरा वर्षं बीटा!

मला विचाराल (कोणी विचारलेलं नाही, तरी) तर पुढच्या दुरुस्तीत चार गोष्टी हव्यात.

पहिली, जुन्या इमारतींसाठी छोटी, परवडणारी आणि तारखेची यादी. पाच वर्षांत डक्ट बंद, मीटर रूमची तपासणी, जिन्यात वीज गेल्यावर चालणारे दिवे, जिन्याची दारं दुरुस्त, पंपाला पर्यायी वीज. एवढंच. स्प्रिंकलरसारखी मोठी कामं दहा-पंधरा वर्षांच्या टप्प्यात.

दुसरी, माहिती उघडी. २०१७ पासून महारेराच्या साइटवर नव्या प्रकल्पाची कुंडली कोणालाही बघता येते, आणि फ्लॅट घेणारे ती बघतातच. मग उभ्या इमारतीचा फॉर्म बी का दिसू नये? गेटवर पाटी लावा, शेवटची तपासणी अमुक तारखेला, पंप चालू. जागेचा भाव पाच टक्क्यांनी हलेल या भीतीने जे काम होईल ते नोटिशीने दहा वर्षांत होणार नाही.

तिसरी, तपासणाऱ्याला पैसे कोण देतं? आज सोसायटी एजन्सी निवडते आणि तिलाच पैसे देते. डेव्हलपरने स्वतःचा टेस्टर स्वतःच्या खिशातून ठेवला तर सगळ्या टेस्ट हिरव्याच दिसणार. पैसे महापालिकेकडे भरा, एजन्सी चिठ्ठीने ठरू द्या, आणि दलाने शंभरातल्या पाच ठिकाणी अचानक जाऊन प्रत्यक्ष पाणी सोडून बघावं.

चौथी, चेंजलॉग. प्रत्येक नियमाखाली दोन ओळी हव्यात, हा कुठल्या आगीनंतर आला आणि का. कारण कळलं नाही की माणूस नियमाला अडचण समजतो. रेफ्यूज एरियात टेबल टेनिसचं टेबल लावणारे लोक वाईट नसतात. ती जागा कशासाठी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

यावर सगळ्यात खरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मला टाळायचा नाही. पुनर्वसन इमारतीत लिफ्टच्या देखभालीचे पैसे जमत नाहीत, जुन्या चाळीत छताला टेकू लावलेत, तिथे पंप कोण बसवणार? तिथे सोसायटीवर दंड ठोकणं म्हणजे गरिबाला गरीब असल्याची शिक्षा. पण वाढीव एफएसआय देताना महापालिका प्रीमियम घेतेच ना? नव्या टॉवरच्या त्या पैशातला ठराविक हिस्सा जुन्या इमारतींच्या सुरक्षेसाठी वेगळा ठेवा. ज्या गल्लीत टॉवर आला त्याच गल्लीतल्या चाळीच्या जिन्यात दिवा लागू दे. 'पुनर्विकास होईल तेव्हा सगळं नवंच होणार आहे' हे उत्तर मला पटत नाही. पुनर्विकास कधी होईल सांगता येत नाही, आणि आग त्याच्यासाठी थांबत नाही.

असो. नियमावली बदलायला वर्षं लागतील. तोवर या रविवारी पंधरा मिनिटं काढा. जिन्याने वरपासून खालपर्यंत उतरा. वाटेत चपलांचे स्टँड, कुंड्या, जुने सोफे मोजा. होज बॉक्स उघडून बघा, आत होज आहे की झाडू. इलेक्ट्रिक डक्टचं दार उघडून वर बघा, वरच्या मजल्याचा उजेड दिसला तर धुराला तोच रस्ता आहे. गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते ते वॉचमनला विचारा. घराच्या खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग आहे का ते बघा, आणि असेल तर त्याचं कुलूप उघडतं का तेही. शेवटी सेक्रेटरींना विचारा, जुलैचा फॉर्म बी कुठे आहे. ते आधी तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. बघू देत. पुढच्या सभेत विषय मांडायला तेवढं पुरतं.